उन्हाच्या भरवशावर राहू नका: खानदेशात घरच्या घरी मटण वाळवताना

भुसावळचा पारा ४५ अंशांना टेकला की कुणीतरी हमखास विचारतं, एवढ्या उन्हात बिबड्या वाळतात, कुरडया वाळतात, मग मटण का वाळू नये? वाळतं की. दोन दिवसांत कडक वाळतं. पण ऊन मटणातलं पाणी काढतं, जंतू मारत नाही, आणि नवशिक्याची गडबड नेमकी इथेच होते. खाली सांगितलेल्या पायऱ्यांपैकी निम्म्या या एका गोष्टीसाठी आहेत. कंटाळा आलाच तर मसाल्यात काटछाट करा, तापवण्यात करू नका.

शिकारीचं मांस: हा विषय आधी मिटवू

वाळवलेल्या मांसाचं खूळ हल्ली बहुतेकांच्या डोक्यात मोबाइलवरच्या व्हिडिओतून शिरतं. दक्षिण आफ्रिकेतला गडी कुडू किंवा स्प्रिंगबॉक हरणाच्या लांब पट्ट्यांना मीठ, व्हिनेगर आणि भरडलेले धने लावून टांगून ठेवतो, ते बिल्टाँग. अमेरिकेतला शिकारी हंगामात मारलेल्या हरणाची जर्की करतो. तिकडे शिकारीचे परवाने असतात, हंगाम ठरलेला असतो, किती जनावरं मारायची याचा हिशोब सरकार ठेवतं. रानात चरलेल्या जनावराच्या अंगावर चरबी कमी, त्याच्यासाठी चारा पिकवावा लागत नाही, म्हणून तब्येतीला चांगलं आणि निसर्गाला झेपणारं अशी त्याची ख्याती. तिकडच्यापुरती ती बरीचशी खरी आहे.

आपल्याकडे हे दार बंद आहे आणि ते बंदच राहावं असं माझं मत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार हा गुन्हा आहे, आणि ते मांस जवळ बाळगणं, विकणं, विकत घेणं हेही त्यातच येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांसाठी ३ ते ७ वर्षं कैदेची तरतूद आहे. ससा, तितर, भेकर, चिंकारा, रानडुक्कर, रोही, यातलं काहीही चालत नाही. पिकाची नासाडी करणारं रानडुक्कर किंवा रोही मारायची परवानगी वनखातं कधीकधी देतं, पण मेलेलं जनावर सरकारजमा होतं, चुलीवर जात नाही. यावल आणि अनेर धरण ही दोन अभयारण्यं आपल्या उशालाच आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या एखाद्या बाजारात कुणी पिशवी उघडून ‘रानातलं शे’ म्हणून कुजबुजला तर पुढे चालू लागा. कायदा घडीभर बाजूला ठेवला तरी ते मांस कुणी तपासलेलं नसतं. रानडुकराच्या मांसात ट्रिकिनेला नावाच्या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि मीठ लावून वाळवल्यानं त्या मरतीलच असं नाही.

मग आपल्याकडे त्याच्या सर्वात जवळचं काय? चरून वाढलेला बोकड. चरबी काढलेल्या कच्च्या मटणात १०० ग्रॅममागे साधारण २० ग्रॅम प्रथिनं आणि दोन-तीन ग्रॅम चरबी असते, हरणाच्या मांसाच्या आसपासच. आपल्या शेळ्या बांधावरचा पाला, बाभळीच्या शेंगा, कापूस निघून गेल्यावरचं उरलंसुरलं खातात. धुळे-नंदुरबारकडचे ठेलारी आपले मेंढ्यांचे वाडे घेऊन मोकळ्या रानातून फिरतात, शेतकरी मुद्दाम त्यांना आपल्या शेतात बसवून घेतो, कारण शेताला लेंडीखत मिळतं. माणसाच्या तोंडचं धान्य न खाता वाढणारं हे मांस आहे. शेळ्यांनी डोंगर बोडके केल्याची तक्रारही खोटी नाही, त्यामुळे ‘पर्यावरणपूरक’ असं छापील लेबल मी लावणार नाही. पण शेकडो मैलांवरून गोठवून आलेल्या पाकिटापेक्षा गावातला बोकड बरा, एवढं नक्की.

मांस वाळवून ठेवणं हे काही परदेशी शहाणपण नाही, हेही सांगायला हवं. महाराष्ट्रात चान्या पिढ्यान्‌पिढ्या होत आल्या. एकदम हाती आलेलं मांस पुढचे कित्येक दिवस पुरवायचं म्हणून पट्ट्या कापून दोरीवर वाळवायच्या आणि नंतर निखाऱ्यावर भाजून किंवा डाळीत टाकून खायच्या. ज्यांनी ते केलं त्यांना त्याचं कौतुक वाटावं अशी परिस्थिती नव्हती. आज तोच प्रकार काचेच्या बरणीतून ‘प्रोटीन स्नॅक’ म्हणून विकला जातो. असो.

तब्येतीचा हिशोब

मटणात पाऊण भाग पाणी असतं. ते उडालं की एक किलोचे ३०० ते ३५० ग्रॅम उरतात आणि प्रथिनं, लोह, बी-१२ सगळं त्या थोड्यात एकवटतं. मूठभर पट्ट्यांत पोट धरतं. प्रवासात वेफर्स आणि फरसाणापेक्षा हे केव्हाही उजवं.

पण एकवटतं ते मीठसुद्धा. किलोला २० ग्रॅम मीठ लावलंत तर वाळल्यावर ३० ग्रॅमच्या खाण्यात दीड ग्रॅमच्या पुढे मीठ जातं. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मोठ्या माणसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्याच संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये खारवलेलं, धुरावलेलं, टिकवलेलं मांस कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या गोष्टींच्या यादीत घातलं. म्हणून आठवड्यातून एक-दोनदा, थोडंसं, असं धोरण ठेवा. रक्तदाब, मूत्रपिंडाचा त्रास किंवा वाढलेलं युरिक ॲसिड असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. गरोदर बाई आणि लहान मुलांना घरी वाळवलेलं मांस मी देत नाही.

खर्चही बघून घ्या. हाडासकट मटण किलोला ७००-८०० रुपये धरलं, तर एक किलो बिनहाडाचं निघायला दीड किलोची मांडी लागते. त्यातून हाती येणार साडेतीनशे ग्रॅम. म्हणजे शंभर ग्रॅमला तीनशे रुपयांच्या वर, तेही तुमची मजुरी न धरता. पहिल्या खेपेला अर्धा किलोच घ्या.

पहिली पायरी: मटण आणणं

सकाळी लवकर जा. एप्रिल-मेमध्ये दहानंतर टांगलेलं मटण घेऊच नका, दुकान कितीही ओळखीचं असो. खाटीकभाऊंना स्पष्ट सांगा: मागच्या मांडीचं, बिनहाडाचं, चरबी नको, तुकडे करू नका, अख्खा गोळा द्या. त्यांच्या हाताला रस्श्याचे तुकडे पाडायची सवय असते, सांगितलं नाही तर सुरा चाललाच म्हणून समजा. बरोबर झाकणाचा डबा आणि बर्फ न्या. जळगावच्या उन्हात स्कूटरच्या डिकीत अर्धा तास पडलेलं मटण वाळवायच्या लायकीचं राहत नाही.

खिमा नको. खिम्यात वरचे जंतू आतपर्यंत मिसळतात. कोंबडीही सुरुवातीला नको, तिला तापमान जास्त लागतं आणि ती वाळल्यावर पुठ्ठ्यासारखी होते.

घरी आणल्यावर लगेच कापू नका. नुकत्याच कापलेल्या बोकडाचं मटण ताठरलेलं असतं. झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवलं की सैल पडतं.

दुसरी पायरी: साफ करणं आणि कापणं

इथे वेळ द्या. मटणावरची दिसेल ती सगळी पांढरी चरबी काढायची. चरबी वाळत नाही, ती नुसती तिथे बसून राहते आणि आठ-दहा दिवसांत खवट होते. एका तुकड्याचा खवटपणा अख्ख्या बरणीला लागतो. चरबीबरोबर तो चंदेरी, चिवट पापुद्राही सोलून काढा. त्याच्याखाली सुरीचं टोक आडवं घालून एका हातानं पापुद्रा ताणून धरला की सुरी आपोआप पुढे सरकते. काढलेली चरबी आणि छाटण फेकू नका, रात्रीच्या रस्श्यात जाऊ द्या.

आता गोळा तासभर फ्रीजरमध्ये ठेवा. दगड व्हायला नको, बाहेरून बोट दाबलं तर जेमतेम दबेल इतपत. असा गोळा सारखा कापला जातो. जाडी ५ मिलिमीटर. पट्टी जाड झाली तर बाहेरून वाळलेली आणि आत ओली राहते, आणि हे वरून कळत नाही.

रेषा कोणत्या दिशेनं जातात ते कापण्याआधी बघा. रेषांच्या आडव्या दिशेनं कापलं तर पट्टी दातांना सहज तुटते. रेषांच्या बाजूनं कापलं तर दोऱ्यासारखी चिवट होते, तासभर चघळत बसायचं असेल तर तसं करा. घरात म्हातारी माणसं असतील तर आडवंच. सुरी, पाट, हात, सगळं काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर साबणानं धुवा. ज्या पाटावर कच्चं मटण कापलं त्यावर वाळलेल्या पट्ट्या ठेवायच्या नाहीत.

तिसरी पायरी: मसाला

आपला खानदेशी काळा मसाला इथे चालत नाही, हे ऐकून अनेकांचा हिरमोड होतो. त्यात खोबरं आणि तेलात परतलेला कांदा असतो. खोबऱ्याचं तेल खवट होतं आणि कांदा ओल धरतो. रस्श्यासाठी त्याच्यासारखा मसाला नाही, वाळवणासाठी कोराच मसाला लागतो.

साफ केलेल्या एक किलो मटणाला मी घेतो ते असं: मीठ २० ग्रॅम, साधं पांढरं व्हिनेगर ६० मिली, भाजून जाडसर भरडलेले धने १५ ग्रॅम, लाल तिखट १० ग्रॅम, मिरी आणि जिरं प्रत्येकी ५ ग्रॅम, दहा-बारा लसूण पाकळ्यांचं वाटण, अर्धा चमचा हळद. मीठ चमच्यानं नको, वजनकाट्यावर मोजा, कारण खडेमीठ आणि बारीक मीठ यांचा चमचा सारखा भरत नाही. व्हिनेगरऐवजी लिंबू चालेल, पण वाळल्यावर किंचित कडवट लागतं. तेल अजिबात नको.

तिखटाबद्दल थोडं. नंदुरबारच्या आसपास हिवाळ्यात मिरचीच्या पथारी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना माहीत आहे की मिरची उघड्या जमिनीवर, वाऱ्या-धुळीत वाळते. धने-जिऱ्याचंही तसंच. त्यात वाईट काही नाही, आपण मसाला शिजवूनच खातो. पण म्हणूनच सगळा मसाला तापवण्याच्या आधी लावायचा. पट्ट्या तयार झाल्यावर वरून कच्चं तिखट भुरभुरलं तर केलेल्या मेहनतीवर पाणी.

सगळं नीट चोळून झाकणाच्या काचेच्या किंवा स्टीलच्या डब्यात भरा. ॲल्युमिनियमचा डबा नको, व्हिनेगर त्याला खातं. रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा, ओट्यावर नाही. मध्ये एकदा खालवर करा.

चौथी पायरी: वाफवणं

ही गाळायची नाही ती पायरी. ओला तुकडा उन्हात ठेवला की त्यातलं पाणी उडताना तो गार होत राहतो, माठ गार राहतो तो याच कारणानं. म्हणजे बाहेर ४४ अंश असले तरी पहिले काही तास पट्टी त्याहून गारच असते, आणि पस्तीस-चाळीस अंश ही जंतूंच्या वाढीची सगळ्यात सोयीची जागा. पुढे पट्टी वाळून तापते खरी, पण तोवर जंतूही तिच्याबरोबर वाळून चिवट झालेले असतात. कोरडे जंतू ओल्यापेक्षा जास्त उष्णता सोसतात. त्यामुळे आधी वाळवून मग तापवण्यापेक्षा ओलं असताना तापवणं हाच खरा उपाय.

१९९५ मध्ये अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात घरी वाळवलेल्या हरणाच्या मांसातून ई. कोलाय नावाच्या जंतूची लागण होऊन ११ जण आजारी पडले. ते मांस उघड्यावर नाही, यंत्रात, ५२ अंशांच्या आसपास बारा ते अठरा तास वाळवलेलं होतं. आपलं भुसावळ कितीही तापलं तरी त्या यंत्राच्या मागेच आहे.

ते टाळायला पट्टीच्या आतलं तापमान ७१ अंशांपर्यंत जायला हवं. सोपी रीत इडलीपात्राची किंवा ढोकळ्याच्या भांड्याची. पाणी खळखळ उकळू द्या, जाळीच्या ताटलीत पट्ट्या एकाच थरात पसरा, एकमेकींवर चढू देऊ नका. झाकण लावून दहा मिनिटं. मग एक पट्टी चिमट्यानं काढून थर्मामीटरच्या टोकाभोवती गुंडाळा आणि आकडा स्थिर होईपर्यंत धरून ठेवा. पातळ पट्टीत टोक खुपसून खरा आकडा मिळत नाही, गुंडाळल्यावर मिळतो. स्वयंपाकाचा थर्मामीटर काही शे रुपयांत येतो. एवढं महाग मटण आणताय, तो घ्याच. ७१ दिसला नाही तर आणखी तीन-चार मिनिटं.

कुकरमध्ये शिट्या काढू नका, पट्ट्या सुटून रेशे होतात. वाफवल्यावर पट्ट्या आकसतात, तपकिरी होतात आणि ताटलीखाली मसालेदार पाणी साठतं. ते पाणी भाजीत घाला. पट्ट्या स्वच्छ सुती फडक्यानं टिपून घ्या.

पाचवी पायरी: वाळवणं

तीन मार्ग आहेत. खरं सांगायचं तर नवशिक्यानं पहिल्या दोनांतला एक धरावा.

डिहायड्रेटर, म्हणजे अन्न वाळवायचं यंत्र, असेल तर ६५ अंशांवर पाच ते सात तास. पट्ट्यांमध्ये बोटभर फट ठेवा. वीज गेली आणि दीड-दोन तासांत आली नाही, तर पट्ट्या उचलून फ्रीजमध्ये टाका, वीज आल्यावर पुन्हा सुरू करा. लोडशेडिंगच्या गावात रात्री यंत्र लावून झोपायची हिंमत करू नका.

ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, असेल तर ७० ते ८० अंशांवर ठेवा, दारात लाकडी चमचा अडकवून फट पाडा म्हणजे वाफ बाहेर जाईल. चार ते सहा तास लागतात. बऱ्याच ओटीजींचं बटण सांगतं एक आणि आत असतं दुसरंच, म्हणून थर्मामीटर इथेही आत ठेवून बघा. दर तासाला ताट फिरवा.

आणि आता ऊन, ज्यासाठी तुम्ही वाचायला घेतलंत. आपल्याकडे मार्चच्या मध्यापासून मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारची हवा इतकी कोरडी असते की ओलं फडकं बघता बघता कडक होतं. हाच काळ धरा. मेच्या अखेरीस आभाळ यायला लागलं, घाम वाळेनासा झाला, की थांबा. पावसाळ्यात तर नावच काढू नका. बिल्टाँगवाले मात्र हे काम हिवाळ्यात करतात, हेही लक्षात असू द्या: थंड, कोरड्या हवेत जंतू फारसे वाढत नाहीत म्हणून. आपल्याकडे डिसेंबरात पहाटे गारठा असला तरी दुपारी तीसच्या आसपास पारा जातो, त्यामुळे त्यांची नक्कल इथे लागू पडत नाही.

स्टीलची जाळी घ्या. जस्ताचा मुलामा असलेली खिडकीची जाळी नको, मीठ आणि व्हिनेगर लागलं की जस्त पट्ट्यांत उतरतं. जाळी खाटेवर किंवा विटांवर उंच ठेवा, म्हणजे खालूनही वारा लागेल. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. वरून मच्छरदाणी, पण ती पट्ट्यांना टेकता कामा नये. टेकली तर माशी जाळीवर बसून आतल्या पट्टीवर अंडी घालते. मच्छरदाणीच्या कडा विटांनी दाबा, कारण दुपारी वावटळ उठली की ती पहिली उडते. कावळे आणि मांजरं कुठून तरी पाहतच असतात.

सकाळी दहाला बाहेर, पाचला आत. रात्री झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये, गच्चीवर नाही. दिवसातून दोनदा उलटवा. दोन दिवस पुरतात. तिसऱ्या दिवशीही मऊ लागत असतील तर पट्ट्या जाड कापल्या आहेत, त्या ओव्हनमध्ये संपवा.

शेजाराचंही बघायला हवं. एप्रिलमध्ये सगळ्या गच्च्यांवर वाळवणं असतात, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी तर पाय ठेवायला जागा नसते. जी बाई पहाटे उठून गव्हाचा चीक शिजवून कुरडया घालते, तिच्या धोतराच्या कडेला तुम्ही मटण पसरलंत तर भांडण होणार आणि चूक तुमची असणार. सामायिक गच्ची असेल तर ओव्हनच वापरा. स्वतंत्र गच्ची असली तरी कुणीतरी कठड्यावरून वाकून ‘हाई काय शे?’ विचारणारच, खरं काय ते सांगा.

झालं की नाही ते कसं ओळखायचं

एक पट्टी बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. गरम पट्टी नेहमी मऊ वाटते आणि फसवते. गार झालेली पट्टी वाकवा. तिला तडा जायला हवा, तड्यात पांढरट तंतू दिसायला हवेत, पण दोन तुकडे व्हायला नकोत. पाणी दिसलं, दाबल्यावर बोट ओलं झालं किंवा आत गुलाबी मऊ भाग असेल तर परत वाळत ठेवा. कटकन मोडली तर जास्त वाळली. खायला हरकत नाही, दात सांभाळा.

उन्हात वाळवलेल्या पट्ट्यांना शेवटी एक ताव द्यायचा. ओव्हन १३५ अंशांवर तापवून घ्या, पट्ट्या एका थरात, दहा मिनिटं. उघड्यावर दोन दिवसांत धूळ-माशीतून जे काही आलं असेल त्याची सोय इथे लागते. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी उन्हातल्या पट्ट्या तशाच चघळायच्या नाहीत, त्या रस्श्यात किंवा डाळीत शिजवूनच खायच्या. याला पळवाट नाही.

ठेवायचं कुठे

पूर्ण गार झाल्यावरच कोरड्या काचेच्या बरणीत भरा. गरम भरलं की आत वाफ धरते आणि चार दिवसांत बुरशी येते. पहिला आठवडा बरणी रोज हलवून बघा. काचेला आतून दव दिसलं तर पट्ट्या काढून पुन्हा तापवून वाळवा.

पुस्तकी हिशोबानं अशा पट्ट्या खोलीत दोन आठवडे टिकतात. ती खोली आपली नव्हे. मे महिन्यात धुळ्याच्या घरात पंख्याखालीसुद्धा ३७-३८ अंश असतात. म्हणून आपल्याकडे बरणी फ्रीजमध्येच ठेवावी, महिना-दीड महिना आरामात जातो. प्रवासाला दोन-तीन दिवसांपुरत्या काढून घ्याव्यात.

पट्टीवर पांढरं दिसलं की घाबरगुंडी उडते. कोरडे, चमकणारे कण असतील तर ते वर आलेलं मीठ आहे. मऊ, केसाळ, हिरवट किंवा राखाडी असेल तर ती बुरशी, आणि मग ती एक पट्टी नाही, अख्खी बरणी टाकायची. पुसून, धुऊन, तळून वाचवायचा प्रयत्न नको. वास खवट आला तर चरबी राहिली होती, तीही टाकाच.

ओळखीच्यांना चवीला देणं वेगळं. विकायचा विचार आला की एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) नोंदणी लागते, आणि मांसाच्या पदार्थांचे नियम पापड-लोणच्यापेक्षा कडक आहेत. ती वाट घरगुती स्वयंपाकघरातून जात नाही.

खायचं कसं

नुसती चघळायला तीन-चार पट्ट्या पुष्कळ, बरोबर भाजलेले शेंगदाणे आणि चिरलेला कांदा. पाणी प्या, मिठामुळे तहान लागते. बारीक तुकडे करून ज्वारीच्या लाह्यांत मिसळले तर मळ्यात न्यायला छान खाणं होतं.

पण माझ्या मते याचा खरा मान डाळीत आहे, विशेषतः जास्त वाळून कडक झालेल्या पट्ट्यांचा. त्या खलबत्त्यात जाडसर कुटा, रेशे सुटेपर्यंत. लसूण आणि सुक्या मिरच्यांच्या फोडणीत ते रेशे मिनिटभर परता, खरपूस वास सुटला की शिजवलेली उडदाची डाळ वर ओता आणि दहा-पंधरा मिनिटं मंद उकळू द्या. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) भाकरीबरोबर खा. डाळीत मीठ मात्र सगळ्यात शेवटी, चाखून घाला. पट्ट्यांनी त्यांचं आधीच सोडलेलं असतं.